तिसऱ्या मजल्याची नोटीस

तीर्थरूप मामा,

तुमच्या गुडघेदुखीला आणि मामींच्या रागाला आता उतार पडला असेल, या आशेने नमस्कार.

इमारत माझ्यावर सोपवताना तुम्ही म्हणालात, "भाडेकरूंशी गोड बोल, पण लेखी बोल." मी तेच केलं आणि तिथेच घात झाला.

तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर (चित्रकलेचे, निवृत्त, एकटे, वय अठ्ठ्याहत्तर) खिडकीत सिगारेट ओढायचे. धूर वरच्या बाळंतिणीच्या खोलीत जायचा आणि शेजारच्या शिंपीणबाईंकडे शिवायला आलेल्या कपड्यांत बसायचा. शिंपीणबाई म्हणाल्या, "अगं, गिऱ्हाइकं विचारतात, ब्लाउज शिवलाय की भाजलाय?" तक्रार खरीच होती. मास्तरांना तोंडावर सांगायचा धीर होईना, म्हणून चार वेळा खाडाखोड करून नोटीस लिहिली, की धूम्रपान फक्त फाटकाबाहेर करावं. (त्यात 'कृपया' दोनदा होतं.)

मामा, नोटीस कुणी इतकी पाळतं का हो? दिवसाला सात सिगारेटी, म्हणजे सात वेळा चोपन्न पायऱ्या खाली आणि तेवढ्याच वर. पाऊस असला तर छत्री घेऊन. मी दिसले की म्हणायचे, "बघा मालकीणबाई, नियमात आहे ना?" सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मी (सांगायला लाज वाटते) हुरळले. मंगळवारी पाचव्या फेरीला ते जिन्यात पडले. खुब्याचं हाड मोडलं. सगळ्यांत आधी धावल्या त्या शिंपीणबाईच, गळ्यात टेप तशीच.

दवाखान्यात मी रडत माफी मागितली, तर मलाच समजावतात, "वेडे, तुझी काय चूक? नोटीस स्पष्ट होती." आता जिना चढवणार नाही, म्हणून खोली सोडतो म्हणतात. जाणार कुठे, ते सांगत नाहीत. सांगायला कुणाचं घर असेल तर ना!

बाकी इमारत ठीक आहे. मी नाही.

तुमची भाची

ता.क. माझी तळमजल्यावरची खोली त्यांना देऊ केली. "उपकार नकोत," म्हणाले. मी माझं सामान तिसऱ्या मजल्यावर हलवलंसुद्धा.

ता.क. २. ते उपकार घेत नाहीत, पण नोटीस मोडत नाहीत. म्हणून सोबत एक लिहून पाठवते आहे: पंधरा दिवसांत तळमजल्यावर राहायला यावं, अन्यथा कारवाई होईल. मालक म्हणून सही करून लगेच परत धाडा. भाषा मुद्दाम कडक ठेवली आहे. कुठेही मऊ करू नका, मामा. दया आल्याचं कळलं तर ते येणार नाहीत.