सातपैकी चौथी प्रत

३ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

दवाखान्यासाठी चित्र शोधायला प्रदर्शनात गेलो होतो. तू चिडवतेस तसं, तोंड उघडं टाकून बसलेल्या पेशंटला बघायला काहीतरी हवंच. तिथे एक फोटो पाहिला. बस डेपोच्या बाकावर बसलेला माणूस. दाढी वाढलेली, पुढचे दात पडलेले. पण डावा कान चिरलेला, लहानपणी कुंपणाच्या तारेने चिरला होता तसाच. मी फोटो विकत घेतला, सातपैकी चौथी प्रत. सोबत त्याचा छोटा फोटो पाठवतोय. आपला धाकटाच ना? आईला इतक्यात सांगू नकोस.

खुशाली कळव.
तुझा दादा

१० मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तोच आहे. शर्टाची बटणं वरखाली लागलीत, शाळेत जाताना लागायची तशी. नऊ वर्षं आपण त्याला शोधतोय असं मी सासरी सांगत आले. शोधत होते मी एकटीच. दारू सुटल्याशिवाय दारात उभा राहू नकोस, असं तू त्याला बजावलंस. आई तेव्हा माझ्याकडे होती. तो आपणहून गेला असंच ती अजून समजते.

फोटो टांगत बसू नकोस. आधी डेपोत जा.

राग मानू नये, लोभ असू द्यावा.
चिमणी

२९ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

उशीर झाला. धाकटा हिवाळ्यातच गेला, न्यूमोनियाने. डेपोत फोटो काढणाऱ्या बाई सोबत आल्या होत्या. फोटो काढताना त्यांनी नाव विचारलं तेव्हा त्याने माझं सांगितलं होतं. इस्पितळाच्या रजिस्टरातही माझंच नाव आहे, पुढे ‘बेवारस’.

बाकीच्या सहा प्रती मागत फिरतोय. दोघांनी दिल्या. एक संग्राहक म्हणाले, हा फोटो जेवणाच्या खोलीत आहे, पाहुण्यांना फार आवडतो. मला ते सहन होत नाही. सगळ्या परत आणणार.

आईला तूच सांग. माझ्याच्याने होणार नाही.
दादा

६ एप्रिल

ती. दादास,
सा. न.

आईला सांगितलं. दुपारभर फोटो मांडीवर घेऊन बसली. तू प्रती गोळा करतोयस हे ऐकून म्हणाली, “राहू दे लोकांकडे. कुणाच्या तरी घरात आहे तो.”

तू मात्र तुझी प्रत घेऊन ये. तो घर सोडून का गेला, असं तिचं मला तीनदा विचारून झालं. मी उत्तर दिलेलं नाही. ते तू द्यायचंस.

लोभाचं या खेपेला लिहवत नाही. लवकर ये.
चिमणी