मधल्या वर्षासाठी नाव देतेय

आई,

सूप गॅसवर आहे, बाबांना कोमट करून दे. मी लवकरची बस पकडतेय, शाळेत नाव द्यायचा आज शेवटचा दिवस आहे.

मी तिसऱ्या वर्षानंतरचं ते परीक्षा नसलेलं, ऐच्छिक मधलं वर्ष घेतेय. थेट शाळेच्या पाचव्या वर्षात जात नाही. ओरडू नकोस! आपल्या डोनाखादादाने ते वर्ष बिलियर्ड्स खेळण्यात घालवलं, ठाऊक आहे. "उनाडक्यांचं वर्ष" ऐकून कान किटले माझे.

थांब, नीट सांगते.

थेट गेले तर एक वर्ष आधी कॉलेजसाठी डब्लिनला सुटेन, असं तुला वाटतं. मला सुटायचं नाहीये. बाबांच्या हातातला कप कसा थरथरतो, ते मीही बघते गं.

त्यांना मात्र सांग, मधल्या वर्षाच्या संगीत नाटकात मला गायचंय. माझा आवाज ऐकलाय त्यांनी, हसतील. हसू देत.

साइव्ह