निरोगी नमुना

शास्त्रीनगर, जयपूर
१३ फेब्रुवारी २००८

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम. भुसावळला थंडी ओसरली असेल. इथे पप्पा अजून दोन स्वेटर चढवून ड्यूटीवर जातात. आई बरी आहे. तुझ्या बोटांची सूज कशी आहे, ते खरं खरं कळव.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला हात उठत नव्हता. रक्ततपासणीत संधिवात दिसत नाही, म्हणून मुख्याध्यापिकाबाई तुझ्या रजेला नाटक म्हणतात. आणि तू विचारतेस, ‘सुट्टीत आलीस तेव्हा माझं रक्त नेलंस, त्याचं काय झालं?’

झालं असं. या आजारात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. त्यासाठी रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. नेहमीच्या तपासण्यांना त्यातली थोडीच सापडतात. तुझी एका वेगळ्याच प्रथिनावर जाऊन बसत होती; ती बसली की तपासणीच्या पट्टिकेवर काळी पट्टी उमटते. आणखी काही रुग्णांतही तेच दिसलं. मला वाटलं, सापडलं. मग निरोगी लोकांचं रक्त तपासलं, तर एका नमुन्यात तीच काळी पट्टी.

आमच्या प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "गौतमीजी, छोड़ दीजिए." निरोगी माणसातही दिसतं, म्हणजे आजाराशी संबंध नाही. मी भांडले. रसायनं बदलली, पुन्हा पुन्हा केलं. पट्टी जाईना. घरी सगळ्यांवर चिडत होते. आईने बोलणंच कमी केलं.

एक गोष्ट मी सरांना सांगायचं टाळत होते. नमुन्यांवर नाव नसतं, नंबर असतो. निरोगी माणसं कमी पडली तेव्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्ही सगळ्यांनीही रक्त दिलं होतं. तो नमुना माझा आहे. आणि हिवाळ्यापासून सकाळी मला वेणी घालता येत नाही. थंडीने होतंय, म्हणत राहिले.

सोमवारी सांगून टाकलं.  सर स्वतःच मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी एकेक सांधा दाबून पाहिला आणि म्हणाले, "शुरुआत है." औषध सुरू केलंय.

मला वाटलं, आता तरी तुझं खरं ठरेल. पण निकाल पाहून मग नमुना निरोगी गटातून रुग्णांच्या गटात टाकता येत नाही, असं सर म्हणतात. सगळं पुन्हा करायचं, नव्या लोकांवर. त्यांचं बरोबर आहे, म्हणूनच जास्त राग येतो. बाईंच्या तोंडावर मारायला माझ्याकडे आजही काही नाही.

तू इकडे ये. हे डॉक्टर रक्ताच्या रिपोर्टवर थांबत नाहीत, हात हातात घेऊन बघतात. पप्पांना माझं अजून माहीत नाही. तू आलीस की दोघी मिळून सांगू.

तुझ्याच रक्ताची,
गौतमी