सात नंबरचा टॅब

४ जुलै

खोकी आली. वीस टॅब, वीस चार्जर, वीस निळी कव्हरं. सोबत ते देणाऱ्या संस्थेची एक मुलगी, लाल फ्रेमचा चष्मा लावलेली, वय फार तर पंचवीस. म्हणाली, "मॅडम, यावर मुलं आपलं आपण इंग्रजी शिकतील." मग मी काय करायचं, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. सत्तावीस वर्षं चौथीला इंग्रजी शिकवतेय. खरं सांगायचं तर सत्तावीस वर्षं इंग्रजीचं पुस्तक वाचून दाखवतेय. बोलायची वेळ आली की दातखीळ बसते — हे फक्त या वहीला ठाऊक.

हेडसरांनी टॅब मोजले, सही केली, कपाटात घातले आणि कुलूप लावलं. सुरक्षित राहतील म्हणे.

७ जुलै

टॅब अजून कपाटातच. अतिशय सुरक्षित आहेत.

१० जुलै

लाल चष्मा पुन्हा आली. (तिला नाव आहे, पण माझ्या डोक्यात हेच बसलं.) कुलूप काढायला लावलं. प्रत्येक मुलाला एक नंबर, एक टॅब. रोज घरी न्यायचा, रोज आणायचा. धडे आतच भरलेत, नेट लागत नाही. आपण बोलायचं, बरोबर आलं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल. कव्हरवर नियम छापलाय — वापर फक्त विद्यार्थ्याने करावा. हेडसरांनी तो दोनदा मोठ्यानं वाचला.

मी वर्गासमोर 'व्हेजिटेबल' म्हणून दाखवलं. लाल. पुन्हा. लाल. वर्ग श्वास रोखून बसलेला. तिसऱ्यांदाही लाल. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक जण 'वेज्टबल' असं काहीतरी पुटपुटली आणि झाली की हिरवी! टॅब माझ्या हातात होता, त्यामुळे श्रेय मी घेऊन टाकलं.

२२ जुलै

आजचा धडा — डू यू लाइक स्नो? वर्गातल्या कुणीच बर्फ पडताना पाहिलेला नाही. बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला. सगळ्यांनी एका सुरात 'नो' सांगितलं. का, तर त्याला वास येतो.

१३ ऑगस्ट

लाल चष्मा महिन्याचे आकडे घेऊन आली. वर्गात सगळ्यात पुढे सात नंबर. सात नंबर म्हणजे चिमणी! मी यादी तिच्या हातातून ओढून घेतली. चिमणी म्हणजे शेवटचा बाक. इंग्रजीचा तास सुरू झाला की हिची मान खिडकीकडे. आणि आकडा सांगतोय की बाकीचे पहिल्या पातळीवर रखडलेत तेव्हा हिनं तिसरी पार केलीय.

लाल चष्मा हरखून गेली. पुढच्या महिन्यात संस्थेचा मेळावा आहे, परदेशी पाहुणे येणार, चिमणीला स्टेजवर त्यांच्याशी इंग्रजीत बोलू द्यायचं. हेडसर दुपारपासून छाती काढून चालताहेत.

ती गेल्यावर मी चिमणीला जवळ बोलावून विचारलं, "व्हॉट इज युवर मदर्स नेम?"

ती म्हणाली, "बाई, पाणी पिऊन येऊ?"

१४ ऑगस्ट

शाळा सुटल्यावर चिमणीच्या घरी गेले. लॉन्ड्रीच्या मागची एक खोली. तिची आई तिथंच इस्त्री करते. चिमणी बाहेर दोरीवर उड्या मारत होती. दारातून पाहिलं तर शर्टांचा हा ढीग, स्टार्चच्या डब्याला टेकवून उभा केलेला टॅब, आणि आई कॉलर उलटता उलटता त्याच्याशी बोलतेय — आय वुड लाइक टू चेंज माय टिकेट, प्लीज. हिरवी. बाही. पुढचं वाक्य. हिरवी. दुसरी बाही.

मी दिसले तशी तिचा चेहराच पडला. आधी इस्त्री उभी केली, मग टॅब फडक्यानं पुसून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी काही विचारायच्या आतच सगळं सांगायला लागली. शाळा पाचवीत सुटली. नवरा जाऊन चार वर्षं झाली. टॅब आणला त्या दिवशी चिमणीनं कोपऱ्यात टाकला, हिनं उचलला. धडे सगळे हिनंच केलेत.

"हे चुकलं तरी रागावत नाही बाई," ती म्हणाली. "म्हणतं, पुन्हा एकदा. मला आजवर कुणी पुन्हा एकदा म्हटलेलं नाही."

मी टॅब तिच्या हातात परत दिला. घरी येताना रस्ताभर विचार करत होते की तो दिला का!

१६ ऑगस्ट

हेडसरांना सांगितलं. ते खुर्चीतून अर्धे उठले. नियम मोडला हे कळलं तर वीसच्या वीस टॅब परत जातील, वर शाळेची बदनामी. त्यांचा उपाय सरळ — गप्प बसायचं, चिमणीकडून दहा वाक्यं पाठ करून घ्यायची, महिना हाताशी आहे.

२५ ऑगस्ट

चिमणीची रोज मधल्या सुट्टीत शिकवणी. दहा वाक्यं तिला येतात, पण ओळीनंच. क्रम चुकला की गाडी रुळावरून खाली. आज मी 'हाऊ आर यू' विचारलं, ती म्हणाली 'आय अ‍ॅम नाइन इयर्स ओल्ड'. मी कपाळाला हात लावला. तिलाही हसू आलं. मग म्हणाली, "बाई, हे सगळं आईला येतं. तिलाच न्या ना."

इतकं सोपं. आणि आम्ही दोन मोठी माणसं नऊ दिवस एका पोरीला खोटं बोलायला शिकवतोय.

२९ ऑगस्ट

लाल चष्म्याला खरं सांगून टाकलं. हेडसर शेजारी, पण भिंतीकडे तोंड करून. तिनं चष्मा काढून पुसला. म्हणाली, आमच्या अहवालात 'पालकांचा सहभाग' असा एक रकाना आहे, तीन वर्षांत एकाही शाळेनं तो भरलेला नाही. आणि मग हसायलाच लागली. हेडसरांनी भिंतीकडून तोंड वळवून जाहीर केलं की पालकांचा सहभाग हे त्यांचं पहिल्यापासूनचं धोरण आहे!

१२ सप्टेंबर

मेळावा. चिमणीची आई स्टेजवर. कडक इस्त्रीचे कपडे — ते तर असणारच. मी पहिल्या रांगेत. पाहुण्यांनी काहीतरी भरभर विचारलं. ही अगदी शांतपणे म्हणाली, "कॅन यू से दॅट वन्स मोअर, प्लीज?" पाहुण्यांनी सावकाश विचारलं — का शिकता? ही म्हणाली, "बिकॉज आय स्टॉप्ट. नाऊ आय स्टार्ट."

टाळ्या. मीही वाजवल्या. आणि दुसरं म्हणजे, मला सगळं समजलं! पाहुण्यांचंसुद्धा, दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा.

३० सप्टेंबर

आता ती दर शनिवारी वर्गात येते. मुलांना दोन-दोनच्या जोड्यांनी बोलायला लावते. दुकानदार आणि गिऱ्हाईक, डॉक्टर आणि रोगी. मुलं चुकली की 'पुन्हा एकदा'. चिमणी शेवटच्या बाकावरून तिसऱ्यावर आलीय. आईवर नजर ठेवायला, असं तिचं म्हणणं. मुलं घरी गेली की आम्ही दोघी बोलतो — इंग्रजीत. मी आणि इंग्रजीत! मी तिला 'तुम्ही' म्हणायचे, ते कधी 'तू' झालं कळलंच नाही. ती मला बाईच म्हणते.

९ ऑक्टोबर

बसस्टँडवर एक जाहिरात चिकटवलेली. परदेशातल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करायला बायका हव्यात. पदवीची अट नाही, बोलण्यापुरतं इंग्रजी हवं. राहायची सोय, कामाचं शिक्षण तेच देणार. मी उभ्या उभ्या सगळं उतरवून घेतलं आणि जवळपास पळतच लॉन्ड्री गाठली. आधी ती हसली. मग कागद मागितला. मग इस्त्री बंद केली.

१८ नोव्हेंबर

मुलाखत झाली! हेडसरांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. ती आत, मी आणि हेडसर बाहेर बाकावर. चाळीस मिनिटं. हेडसरांनी दोनदा दाराला कान लावला, मी एकदा. बाहेर आली ती घामानं भिजलेली. शेवटी मुलाखत घेणाऱ्या बाईंनी काय विचारलं, तर म्हातारं माणूस चिडून ओरडलं तर काय कराल? ही म्हणाली, आय विल वेट, देन आय विल ट्राय अगेन. जागेवरच होकार मिळाला.

वर्गाला गोळ्या वाटल्या. जो भेटेल त्याला सांगत सुटलेय की जाहिरात मी पाहिली होती, मी!

३ डिसेंबर

ती आज पत्र घेऊन माझ्या घरी आली. वडील गेल्यापासून या दोन खोल्यांत मी एकटी. कुणी आलं की आधी खुर्चीवरच्या वह्या उचलाव्या लागतात. पत्र इंग्रजीत. मी पहिलं पान वाचून अभिनंदन करायला लागले, तर तिनं दुसऱ्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. करार दोन वर्षांचा. मुलं सोबत नेता येणार नाहीत.

जाहिरातीतही असणार हे. खाली, बारीक अक्षरात. मी उतरवून घेतलं तेव्हा नेमकं एवढंच राहून गेलं. आणि मी चिमणीचा विचारच केला नव्हता. सत्तावीस वर्षं पोरांना शिकवणारी बाई मी, आणि एका पोरीचा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

ती म्हणाली, "दिराकडे ठेवली तर ती शाळेत दिसायची नाही, त्यांच्या दुकानात दिसेल. तुम्ही ठेवाल?"

"मला पोरं सांभाळता येत नाहीत गं."

"सत्तावीस वर्षं काय करताय मग?"

"ती साडेचारला घरी जातात."

ती उठली. दारात म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात तर मी जाणार नाही. राग पण धरणार नाही." पत्र टेबलावरच राहिलं. विसरली नाही. ठेवून गेली.

१० डिसेंबर

अजून हो म्हटलेलं नाही. नाही पण म्हटलेलं नाही. चिमणी आज पहिल्या बाकावर बसली होती.

२१ जानेवारी

परवा चिमणीची आई विमानात बसली, चिमणी माझ्याकडे राहायला आली. आज सकाळी चिमणीला वेणी घालायला समोर बसवलं, तेव्हा लक्षात आलं की मला वेणी येतच नाही. माझे केस जन्मभर आखूड. दोनदा सुटली. मग तिनं मागे न बघता माझी बोटं धरली आणि एकेक पेड त्यांत अडकवून दाखवला — हा वरून, हा मधून. "घट्ट ओढा बाई. मी रडत नाही." दोघी शाळेत उशिरा पोचलो.