बिनपगारी उमेदवाराची साक्ष

भाऊसाहेब,

तुम्हाला जाऊन बारा वर्षे झाली, तरी तुमच्याविषयी लिहायचे म्हणून भर दुपारी दार लावून बसलो आहे. कल्याणच्या मामलेदार कचेरीत तुमच्या हाताखाली मी पाच वर्षे बिनपगारी उमेदवारी केली. खडवलीहून आलेला, वशिला कुणाचा नाही. जागा रिकामी झाली की तुम्ही शिफारस कराल, एवढ्याच आशेवर. जेवत तुमच्याच घरी होतो. काकू न विचारता भाताची दुसरी मूद वाढायच्या, त्यामुळे पगाराचा विषय काढायला जीभ रेटत नसे.

मग तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. दप्तरातल्या मोडी कागदाची नक्कल मीच उतरवायची, मुळाशी मीच ताडायची. खाली 'रुजू', म्हणजे मुळाबरहुकूम, असे लिहून सही तेवढी तुमची. पुढे तीही ओळ सोडू लागली. एके दिवशी दप्तरखान्यात तुम्ही बोरू माझ्या हाती दिलात. "माझ्यासारखी सही कर. पेन्शनीला दीड वर्ष उरलंय रे." मी बोरू खाली ठेवला, तसे तुम्ही खेकसलात, "घाबरतोस काय? तू आहेस हेच सरकारला ठाऊक नाही!"

आणि मग ठाण्याच्या कोर्टाचे समन्स माझ्या नावाने आले. बांधाच्या एका तंट्यात मी तुमची सही केलेली एक नक्कल दाखल झाली होती, आणि अक्षर माझे आहे हे विरुद्ध पक्षाने हेरले होते. त्यांचा वकील अजून माझ्यासमोर उभा आहे.

"तुम्ही सरकारी नोकर?"

"नाही. उमेदवार."

"पगार?"

"नाही."

"मग सरकारी दप्तराला हात कुणाच्या हुकमानं लावता?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या मनातच आला नव्हता. डोळ्यांपुढे तुरुंग दिसतो आहे. तो नक्कल पुढे करून विचारतो, ही सही कुणाची? मी शपथेवर सांगतो, भाऊसाहेबांची, माझ्यासमोर केलेली.

परतल्यावर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "आता पहिली जागा तुझी." पुढे दोन जागा निघाल्या, दोन्ही परक्यांना गेल्या. तुम्ही पेन्शनीत गेलात, तेव्हा कुठे माझे नाव हजेरीपटावर चढले. तुम्ही मला विसरलात, असे समजून मी तुमचा फार राग केला.

आता मी तुमच्याच जागेवर बसतो आणि मलाही धड दिसत नाही. माझा उमेदवार डोंबिवलीचा, दोन मुलांचा बाप. तो बोट ठेवतो तिथे मी सही करतो. गेल्या महिन्यात मामलेदारांनी विचारले, "ठाण्याला एक जागा आहे. तुमचा उमेदवार तयार झाला का?" तो समोरच बसला होता. मी म्हणालो, "अजून कच्चा आहे, साहेब." त्याचा बोरू थांबला नाही.

तेव्हापासून मला त्याची भीती वाटते. कोर्टात त्याला कुणी विचारलेच तर तो काय सांगेल, या विचाराने घास उतरत नाही. आणि तो कचेरीत यायचाच बंद झाला तर, याची भीती त्याहून मोठी आहे.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही. लिहिलेले मला नीट दिसतही नाही. वाचून दाखवू शकेल असा एकच माणूस आहे, आणि तो माझ्यापेक्षा चांगले काम करतो, हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही.