पेटी खाटेजवळ ठेवा

शिरड शहापूर,
१४ डिसेंबर २००२

प्रिय मिना,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पिल्लू आणलं आहे. भीमसिंगकाकाच्या कुत्रीचं, दोन महिन्यांचं, काळं. एक कान अजून उभा राहत नाही. तू लिहिलंस तशी जवळा बाजारहून संत्र्याची लाकडी पेटी आणली. तिला जाळीचं दार केलं, आत गोणपाट अंथरलं. पिल्लाला रात्रभर पेटीत ठेवायचं, हे तांड्यात कुणी पाहिलेलं नाही. भीमसिंग दारात उभा राहून म्हणाला, मास्तर, आता कुत्र्यालाबी आश्रमशाळेत घातलं व्हय? सगळे हसले. मीही हसलो.

काल संध्याकाळनंतर पाणी बंद केलं. झोपायच्या आधी बाहेर फिरवून आणलं, ओसरीत पेटीत ठेवलं, दार लावलं. रडलं तरी उघडायचं नाही, गप्प झाल्यावरच उघडायचं, नाहीतर रडलं की दार उघडतं हे ते शिकतं, असं तू लिहिलंस. तुमच्या डॉक्टरबाईंच्या कुत्र्याला अशीच सवय लागली म्हणे. ते रडू लागलं. आधी कुत्र्यासारखं, नंतर तसं नाही. मी खाटेवर पडून राहिलो. घरात तुझी याडी आणि मी, दोघंच. आमचं बोलणं आता चहा आणि बाजाराच्या पिशवीपुरतं. दिवाळीला तू येतेस, आईशी पाहुण्यासारखी बोलतेस आणि जातेस. तू गेल्यावर ती दोन दिवस तुझं अंथरूण उचलत नाही.

बाराच्या सुमारास ती उठली. लेकरू रडून राहिलं अन् तुमी पडून काय राहिले, म्हणाली. मी म्हणालो, मिनानंच तसं लिहिलंय. पुन्हा वाचा, म्हणाली. मी दिवा लावून वाचलं. एवढ्या थंडीत पेटी ओसरीत ठेवा असं माझी मिना लिहील व्हय, तिनं विचारलं. मी कागद दुमडला. ती समोरच उभी राहिली. मग मी गाळलेली ओळ वाचली. पेटी तुमच्या खाटेजवळ ठेवा, त्याला तुमचा श्वास ऐकू आला पाहिजे, घाबरलं तर फटीतून बोटं द्या. मला घरात वास नको होता. कारण एवढंच.

तिनं पेटी एकटीनं आत ओढली. खाली बसून फटीतून बोटं दिली. काही वेळानं रडणं थांबलं. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, अजून काय काय गाळलं?

मी सांगितलं.

एकोणनव्वद साली तुला आश्रमशाळेत सोडलं तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तांड्यात तुझ्या बरोबरीच्या पोरींची लग्नं ठरत होती. जूनपासून दिवाळीपर्यंत तू नऊ पत्रं लिहिलीस. प्रत्येकात एकच मागणं होतं, याडीला पाठवा. मी ती तिच्यासमोर बसून वाचली. मिना मजेत आहे, तिला मैत्रीण मिळाली, जेवण आवडतं, असं वाचलं. खरं कळलं असतं तर ती त्याच दिवशी पायी निघाली असती आणि तुला घेऊन आली असती. मग तू आज नांदेडच्या दवाखान्यात नोकरीला नसतीस. मला हे अजूनही खरं वाटतं. दिवाळीत तू आलीस तेव्हा रडली नाहीस, आईजवळ गेलीही नाहीस. तिला वाटलं, लेकीला आपल्यापेक्षा शाळा गोड लागली. तुला काय वाटलं, ते मला ठाऊक होतं: याडीनं सगळं ऐकलं आणि तरी ती आली नाही. तेरा वर्षं मी दोघींना तसंच समजू दिलं.

पत्रं माझ्या ट्रंकेत होती. पहाटे तिनं ती मागून घेतली. वाचू का, असं विचारलं तर म्हणाली, तुमी नका. सकाळच्या एसटीनं ती तुझ्याकडे येते आहे. नांदेडला ती एकटी कधी आलेली नाही. दवाखान्याचं नाव कागदावर लिहून दिलं आहे, तो कागद तिनं दुकानदाराकडून वाचून घेतला. हे पत्र तिच्या पिशवीत, त्या नऊ पत्रांच्या वर ठेवतो आहे. माझं काय करायचं ते दोघी मागाहून ठरवा. आधी हे तिला वाचून दाखव, मग तुझी, तारखेप्रमाणे. तिला बरं वाटावं म्हणूनही काही बदलू नकोस.

तुझाच,
बापू