आठवी पाकळी

अण्णा,

तुम्हाला जाऊन एकोणतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही. तुम्ही होतात तेव्हा तरी आपण बाप-लेक कुठं एकमेकांना पत्रं लिहीत होतो? आज लिहायला बसले ते माझ्या वर्गातल्या पोरांनी मला कोंडीत पकडलं म्हणून. मी बेंबळीकडच्या शाळेत चित्रकला शिकवते, एवढं तुम्ही बघून गेलात. नोकरी लागली तेव्हा नळदुर्गच्या रस्त्यावरच्या प्रत्येक धाब्यावर तुम्ही पेढे वाटले होते आणि ज्याला त्याला सांगत होतात, "लेक ड्रॉइंगची मास्तरीण झाली, आता ब्रश धुवायचं काम माझ्याकडं." त्या मास्तरणीच्या निवृत्तीला आता दोन वर्षं उरली आहेत.

झालं असं, की नववीच्या पोरांना मी म्हटलं, स्वतःचं चित्र काढा, पण चेहरा काढायचा नाही. नाक नको, डोळे नकोत. तुम्ही आतून कसे आहात ते एखाद्या वस्तूतनं दाखवा. रंगवा, कापून चिकटवा, काय वाटेल ते करा, आणि खाली एक ओळ लिहा, मी असा का, मी अशी का. मला वाटलं होतं सगळे फुलं आणि उगवता सूर्य काढतील. तसे काढलेही निम्म्यांनी. पण एका पोरानं बोअरची मोटर काढली आणि खाली लिहिलं, "लाइट असली की मी चालू, गेली की बंद." मागच्या बाकावरच्या एका पोरीनं कांदा काढला. चांगला रसरशीत, गुलाबी कांदा. खाली लिहिलं होतं, "सोलून बघा." ही पोरगी वर्गात कधी कुणाशी दोन शब्द बोलत नाही. मी तो कागद बराच वेळ हातात धरून उभी होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "बाई, तुमचं कुठंय?" मग काय, सगळा वर्ग तिच्या मागं. मी म्हटलं, शनिवारी पालक-मेळावा आहे, तेव्हा तुमच्या चित्रांच्या शेजारी माझंही लावते. शब्द देऊन बसले. आज शुक्रवार आहे.

आठवडाभर मी कागद फाडते आहे. पहिल्यांदा खडू, ब्रश, पट्टी आणि साडीचा काठ असं काहीतरी काढलं. ह्यांना दाखवलं. तुमचे जावई अजून तसेच आहेत, तोंडावर बोलणारे. चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "ही कुठल्याबी शाळंतली कुठलीबी ड्रॉइंगची बाई झाली." दुसऱ्यांदा दुधाचं भांडं काढलं, झाकलेलं. का काढलं ते मलाही सांगता येईना. मला सगळे साधी म्हणतात ना, म्हणून असेल. माहेरी साधी, सासरी साधी, शाळेतही कुणाचं भांडण सोडवायचं असलं की 'बाईंना विचारा, त्या साध्या आहेत.' तो शब्द मला चिकटला कुठं हे आठवायला लागले आणि थेट तुमच्या दुकानात जाऊन उभी राहिले.

ट्रक रंगवायचं दुकान म्हणजे काय, हायवेच्या कडेला चार पत्रे, पुढं लिंबाचं झाड, आणि झाडाखाली पाठ फिरवून उभा असलेला एखादा ट्रक. मी शाळा सुटली की दप्तरासकट तिथं यायचे. डब्यात रॉकेल ओतून ब्रश धुणं माझं काम. हाताला तो वास असा बसायचा की रात्री भाकरी मोडली तरी येणार. आई म्हणायची, "बाप तर बाप, आता लेकबी रॉकेल प्यायला लागली." तुम्ही हसत होतात. सोलापूर ते हैदराबादचे ट्रक थांबायचे. ड्रायव्हर उतरला की बाकीचे पेंटर विचारायचे, काय काढू? तुम्ही तसं विचारत नव्हतात. आधी चहा सांगायचात. घरी कोण कोण आहे, गाडी चालवताना काय गुणगुणतोस, भ्या कशाचं वाटतं, असल्या चौकशा चालायच्या तासभर. मग ठरवायचात, ह्याला मोर, ह्याला गाय-वासरू, ह्याला नुसता पळसाचा डेरेदार वृक्ष. वाघ सगळ्यांनाच पाहिजे असायचा. तुम्ही म्हणायचात, "वाघ मागणारा गडी घरी बायकूला भितो, त्याला ससाच काढतो म्या." एकाला खरंच ससा काढून दिला होतात. तो आधी रुसला आणि मग जो येईल त्याला मागं नेऊन ससा दाखवत बसला. माणसाचा चेहरा न काढता माणूस काढायचा, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, अण्णा. पोरांना सांगते ते तुमचंच आहे.

आणि तुमचा तो रिवाज, जो नळदुर्गात दुसऱ्या कुणाचा नव्हता. ट्रकच्या मागच्या फाळक्याच्या मधोमध आठ पाकळ्यांचं कमळ. त्यातल्या सात तुम्ही भरायच्या. आठवीची नुसती रेघ ओढून कोरी सोडायची. ती ड्रायव्हरनं स्वतःच्या हातानं भरायची. "ती भरल्याबिगर गाडी त्याची हुत न्हाई. कागद काय, कागद बँकंपाशीबी असत्यात." स्टेअरिंगवर लोखंडासारखे असणारे हात त्या एवढ्याशा ब्रशानं लटपटायचे. रंग रेघेबाहेर जायचा, ओघळायचा. तुम्ही एकाचीही पाकळी नंतर नीट केली नाही. रस्त्यानं जाणारा कुठलाही ट्रक बघून आपण सांगू शकायचो की हा आपला, कारण सात पाकळ्या सुबक आणि एक बिचारी वेडीवाकडी.

मी सातवीत होते त्या वर्षीचा तो ट्रक तुम्हाला आठवत असणार. निळा फाळका. ड्रायव्हर उमरग्याच्या पलीकडचा, बारा वर्षं लोकांच्या गाड्या चालवून पहिल्यांदा स्वतःची घेतलेला. तुम्ही त्याला कोरी पाकळी दाखवली तेव्हा तो म्हणाला, "पेंटर, ही म्या न्हाई भरणार. माझी आई भरंल. तिनं गळ्यातलं मोडलंय ह्या गाडीसाठी." आणि तो म्हातारीला आणायला बसनं गावी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही त्यांना घ्यायला स्टँडवर गेलात. जाताना मला म्हणालात, "रंग वाळू दिऊ नको, झाकून ठिव." दुकानात मी एकटीच. फाळक्यावर सात पाकळ्या गुलाबी, आठवी कोरी. वाटीत गुलाबी रंग, माझ्या हातात ब्रश.

मी ती भरली. रेघेला धक्का न लावता, टोकाला थोडा पांढरा मिसळून, तुम्ही करता तशी उजेडाची बाजू काढून. तीन वर्षं मी तुमचे ब्रश धूत होते आणि एकदाही तुम्ही मला फाळक्याला हात लावू दिला नव्हता. पोरीच्या जातीला रस्त्यावर उभं राहून रंगवायचं काम नाही, असं तुम्ही म्हणाला नव्हतात, पण ते घरात सगळ्यांना समजलेलं होतं. माझं काहीतरी हैदराबादपर्यंत जावं एवढंच मला पाहिजे होतं. माझं म्हणून कुणी ओळखलं नसतं तरी चाललं असतं.

तुम्ही आलात. मागं तो ड्रायव्हर, आणि त्याच्या हाताला धरून म्हातारी. नवीन इरकल नेसलेली, घडी न मोडलेली, पदर सारखा नीट करणारी. तुम्ही तिच्या हातात ब्रश दिलात आणि फाळक्याकडं वळलात. मला तुमची फक्त पाठ दिसत होती. ती किती वेळ हलली नाही. मग तुम्ही हात जोडून म्हणालात, "आई, चूक झाली. नादाच्या भरात माझ्याच हातनं भरली गेली." खिशातनं चिंधी काढून पुसायला गेलात, पण ऑइल पेंट ओला, तो खालच्या अजून कच्च्या निळ्यात फासला गेला आणि सगळं जांभळं झालं. आता निळा पुन्हा द्यायचा, तो वाळायला दोन दिवस. ड्रायव्हरचा चेहरा उतरला होता. म्हातारी त्याच्यापेक्षा शहाणी. तिच्या कानडी मिसळलेल्या बोलीत ती तुम्हालाच समजावत होती, "बिडप्पा," म्हणजे सोड रे बाबा, "जाऊ दे. घरी म्हस व्यायला आलीय, मला थांबता याचं न्हाई. माझं लेकरू भरंल की." ब्रश तिनं परत दिला तो दोन्ही हातांनी, देवळातली वस्तू परत करावी तसा. संध्याकाळच्या बसनं ती गेली. दोन दिवसांनी पाकळी तिच्या मुलानं भरली, घाईघाईत, आणि तो परत कधी आपल्याकडं रंगाला आला नाही.

त्या संध्याकाळी घरी चालत येताना तुम्ही मला मारलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "तुला वाटलं बाप इसरला, म्हून तू भरलीस. व्हय ना?" मी होकाराची मान हलवली. "तुला ठाऊक न्हवतं. ठाऊक असून कुणाच्या तोंडचा घास काढायची न्हाई माझी लेक. लई साधी हाय." झालं. तिथनं तो शब्द मला लागला. पुढच्या दिवाळीत तुम्ही मला खारीच्या केसांचा ब्रश आणून दिलात, तुमचा स्वतःचासुद्धा तेवढा चांगला नव्हता, आणि आईला तीच गोष्ट सांगितलीत. पाव्हण्यांना सांगितलीत. माझ्या लग्नाच्या बैठकीतही सांगितलीत, आणि सासरच्या माणसांनी माना डोलावल्या. मी प्रत्येक वेळी तिथंच होते. सोलापूरच्या दवाखान्यात, तुमचा शेवटचा आठवडा चालू होता, तेव्हा सलाईन लावायला आलेल्या सिस्टरला तुम्ही धाप लागत असताना तेच सांगत होतात. सिस्टर गेल्यावर आपण दोघंच होतो. तोंडापर्यंत आलं होतं. मग तुम्ही पाणी मागितलं आणि मी पाणी दिलं.

मला ठाऊक होतं, अण्णा. तीन वर्षं मी तो रिवाज रोज बघत होते, मला कसं ठाऊक नसेल? म्हातारी येणार हेही ठाऊक होतं. तुम्ही शेकडो माणसांची चित्रं ट्रकवर काढलीत आणि एकही चुकलं नाही, असं लोक म्हणायचे. माझंच तेवढं चुकलं. मी आयुष्यभर त्या चुकलेल्या चित्राप्रमाणं वागत आले, ते दुधाचं झाकलेलं भांडं. त्याचा तोटा झाला असंही नाही. साधी म्हणवून घेतल्यावर माणसाला साधं वागावंच लागतं, आणि निम्म्याहून जास्त वेळा ते मनापासून जमलंही. पण कांद्यासमोर मी उभी राहिले आणि मला माझीच लाज वाटली. चौदा वर्षांच्या पोरीनं एका कागदावर जे केलं ते मला छपन्नाव्या वर्षी जमू नये.

काल नळदुर्गला जाऊन आले. हायवे आता चौपदरी झाला आहे, गाड्या गावाला वळसा घालून जातात. आपल्या लिंबापाशी टायरचं दुकान आहे. एक ट्रक उभा होता, मागं कॉम्प्युटरवर छापलेला वाघ चिकटवलेला. तुम्ही असतात तर ड्रायव्हरला बोलावून विचारलं असतं, बायकोला किती भितोस. मी हसले, आणि तिथल्या पोरानं काय पाहिजे म्हणून विचारलं. काही नको म्हणून परत आले.

आज चित्र झालं. निळा फाळका, त्यावर कमळ. सात पाकळ्यांच्या नुसत्या रेघा, आत काही नाही. आठवीला रंग लावलेला नाही, ती चिकटवली आहे. त्या दिवशी रंग पुसलेली चिंधी तुम्ही संध्याकाळी शोधत होतात, जाळून टाकायला. मी म्हटलं होतं, गटारात टाकली. टाकली नव्हती. आधी दप्तरात लपवली, मग खारीच्या ब्रशाच्या डब्यात तळाशी ठेवली, चाळीसहून जास्त वर्षं झाली, तडकून खपल्या निघाल्या आहेत पण गुलाबी अजून गुलाबी आहे. तिचा पाकळीएवढा तुकडा कापला. खाली एक ओळ लिहायची होती. मी लिहिलं, "हिला ठाऊक होतं." उद्या ती कांदावाली पोरगी विचारल्याशिवाय राहणार नाही, बाई, ही चिंधी कसली, आणि मी तिला म्हातारीचं सगळं सांगणार आहे. तुम्हाला सांगायचं ते परक्याच्या लेकीला सांगावं लागतंय, याचं मला वाईट वाटतं.

हे पत्र उरलेल्या चिंधीबरोबर त्याच डब्यात जाईल. एवढंच अजून राहिलंय. म्हातारीनं ब्रश परत दिला तो क्षण आठवला की आजही मान खाली जाते. पण त्याआधीचा, एकटीनं फाळक्यासमोर उभं राहून टोकाला पांढरा दिला तो क्षण पुसावा असं मला एकदाही वाटलं नाही. पाकळी छान झाली होती, अण्णा. तुम्ही पुसण्याआधी ती नीट बघितलीत का, एवढं मला तुम्हाला विचारायचं होतं.